गिधाडांची किडनी आणि आमची अक्का



जवळजवळ अडीच महिने इकडे फिरकलो नाही. दोघातिघांनी मेल पाठवून चौकशी केली, एकाने तर "काका, तब्येत बरी आहे ना?" असं जरा घाबरतच विचारलं. माझी तब्येत उत्तम आहे. बिघडली ती माझ्या थोरल्या बहिणीची, आणि ती बिघडवण्यात माझा हात होता. हात म्हणजे अगदी शब्दशः हात. याच हाताने मी गोळ्यांची स्ट्रिप आणली आणि तिच्या हातावर ठेवली.

तेव्हा आजचं लिखाण गोड नाही. नातेवाईकांपैकी काहीजण हा ब्लॉग वाचतात, ते रागावतील हे धरूनच लिहितोय. मागच्या महिन्यात तोंडी बोललो तेव्हा मला "मामा, तुम्ही फार मनाला लावून घेता" असं सांगून गप्प केलं गेलं. इथे मला कोणी गप्प करू शकत नाही, हा ब्लॉग काढल्याचा एवढा तरी फायदा! (ह. घ्या.)

झालं असं. अक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गेली पंधरा-सोळा वर्षं तिला ब्लडप्रेशर आहे. सकाळी एकच गोळी घेते, पण त्या एका गोळीत दोन औषधं आहेत: टेल्मिसार्टान आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन १.४ आलं. डॉक्टर म्हणाले, किडनी थोडी कमजोर आहे, जपा. 'जपा' म्हणजे नक्की काय करायचं हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आपल्याकडे 'जपा' हा शब्द आशीर्वादासारखा घेतात. मान डोलवायची आणि बाहेर पडायचं.

यंदा मे महिन्यात सोलापूरला भाच्याच्या मुलाचं लग्न होतं. निघायच्या आदल्या दिवशी अक्काचा गुडघा धरला. ती म्हणाली, "अरे, दोन दिवस पाय चालले म्हणजे झालं. अक्षता टाकीन आणि परत येईन." मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार माझाच विद्यार्थी, आठवी ते दहावी माझ्या वर्गात होता. मला बघून उभा राहतो अजून. म्हणाला, "सर, ही द्या, फर्स्टक्लास आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक. पोटाला त्रास नको म्हणून ही बरोबर." चिठ्ठी त्याने मागितली नाही. बीपी आहे का, किडनीचं काही आहे का, हेही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दहा गोळ्या, डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र.

गुडघा थांबला हो! अक्का लग्नात चांगली हिंडली. सोलापूरचा मे महिना, मंडपात पंखे असून नसल्यासारखे. त्यात बायकांची जुनी सवय: प्रवासात आणि कार्यालयात स्वच्छतागृहाची खात्री नसते म्हणून पाणीच प्यायचं नाही. अक्काने सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन पेले पाणी प्यायलं असेल. तिसऱ्या दिवशी उलट्या आणि जुलाब. "जेवण बाधलं" असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. उलट्या चालू असताना बीपीची गोळी चालू, गुडघ्याची गोळीही चालू, कारण परत यायचं होतं ना! सहाव्या दिवशी तिच्या सुनेच्या लक्षात आलं की सासूबाई काल रात्रीपासून लघवीलाच गेलेल्या नाहीत. पाय सुजलेले, बोलणं तुटक. मिरजेला नेलं. क्रिएटिनिन ५.१.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का?" भाचा लगेच म्हणाला, "छे, फक्त बीपीची." तो खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे अंगदुखीची गोळी ही औषधांत मोजतच नाहीत. ती चहासारखी, तंबाखूसारखी, घेतली काय आणि न घेतली काय. मी मागे उभा होतो. खिशात चष्म्याच्या घरात ती उरलेली स्ट्रिप होती. नऊ गोळ्या संपलेल्या, एक उरलेली. काढून बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटून पाहिली आणि फक्त "हं" म्हणाल्या. चाळीस वर्षं मास्तरकी केली, मुलांच्या चुकांवर मी असंख्य वेळा तसाच "हं" म्हणालो असेन. तो ऐकायला कसा वाटतो ते त्या दिवशी कळलं.

मानेतून नळी घालून तीनदा डायलिसिस करावं लागलं. प्रत्येक वेळी चार-चार तास. तेरा दिवसांनी अक्का घरी आली. आता क्रिएटिनिन २.१ वर येऊन थांबलंय. खाली येईना.

आता मुख्य मुद्दा. त्या तेरा दिवसांत मी दवाखान्याच्या बाकावर बसून बरंच वाचलं, बाईंना बरंच विचारलं, आणि त्यांनी कंटाळा न करता सांगितलं. मी बी.ए. मराठीचा माणूस, विज्ञानाशी संबंध दहावीपुरता. पण ही गोष्ट समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

आपल्या दोन किडन्यांकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. एकेका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात घेतात. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक रक्तवाहिनी आणि बाहेर नेणारी दुसरी. शेताच्या पाटाचं उदाहरण घ्या. वरचं दार आणि खालचं दार. पाटात पाण्याचा दाब टिकला तरच वाफ्यात पाणी चढतं. पाणी कमी असेल तर शहाणा शेतकरी वरचं दार पूर्ण उघडतो आणि खालचं थोडं आवळतो. किडनीही नेमकं हेच करते. वरचं दार उघडं ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. खालचं दार आवळायला अँजिओटेन्सिन.

आता गुडघ्याची गोळी काय करते? गुडघ्यात सूज आणि वेदना वाढवतात तीही प्रोस्टाग्लँडिनच. गोळी ती तयार होणंच बंद पाडते. पण गोळीला पत्ता कुठे ठाऊक असतो! ती गुडघ्यात बंद पाडते तशी किडनीतही बंद पाडते. वरचं दार मिटायला लागतं. अक्काच्या बीपीच्या गोळीतलं टेल्मिसार्टान खालचं दार सैल सोडतं (एरवी ते किडनीच्या भल्याचंच असतं, हे लक्षात ठेवा). तिसरं औषध लघवीवाटे पाणी काढतं. त्यात उन्हाळा, दोन पेले पाणी आणि जुलाब. वरचं दार बंद, खालचं उघडं, पाटात पाणीच नाही. वाफा कोरडा पडला यात नवल ते काय?

डॉक्टर लोकांत या तिहेरी जोडगोळीला नावच आहे, 'तिहेरी तडाखा' अशा अर्थाचं. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बीपीची औषधं घेणाऱ्या पावणेपाच लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवरचा एक अभ्यास छापून आला. लघवीचं औषध, टेल्मिसार्टानसारखं किंवा त्याच्या भावकीतलं बीपीचं औषध आणि वेदनाशामक अशी तिन्ही एकदम घेणाऱ्यांत किडनी अचानक बंद पडण्याचा धोका, फक्त पहिली दोन घेणाऱ्यांच्या मानाने, ३१ टक्क्यांनी जास्त आढळला. आणि पहिल्या तीस दिवसांत तो ८२ टक्क्यांनी जास्त. म्हणजे "वर्षानुवर्षं घेतली तर वाईट, चार दिवसांनी काय होतंय" हे जे आपण म्हणतो, ते उलटं आहे. पहिले दिवसच जास्त नाजूक.

"मी तर वीस वर्षं घेतोय, मला कुठे काय झालं?" हा प्रश्न आमच्या एका मेहुण्यांनी विचारला. उत्तर सोपं आहे. धडधाकट माणूस पोटभर पाणी पिऊन बसला असेल तर त्याच्या किडनीला प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरजच पडत नाही. धरण भरलेलं असताना दार थोडं मिटलं तरी वाफा भिजतो. पण म्हातारपण, मधुमेह, बीपी, कमजोर हृदय, आधीच अधू झालेली किडनी किंवा अंगातलं पाणी आटणं, यांतलं काहीही असेल तर किडनी त्या उघड्या दाराच्या भरवशावर जगत असते. मेहुण्यांना मी एवढंच विचारलं की तुम्ही शेवटचं क्रिएटिनिन कधी तपासलंत? तर म्हणे, "त्याची काय गरज?"

या क्रिएटिनिनबद्दलही थोडं सांगतो, कारण इथे भले भले फसतात. रिपोर्टवर आकडा असतो आणि शेजारी कंसात 'नॉर्मल' मर्यादा. बऱ्याच लॅबच्या कागदावर १.२ किंवा १.३ पर्यंत नॉर्मल लिहिलेलं असतं. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. पंचवीस वर्षांच्या तालीमबाज पोराचं १.२ आणि अक्कासारख्या वाळलेल्या बाईचं १.२ हे एकच कसं असेल? वय आणि स्त्री-पुरुष धरून गाळण्याची क्षमता काढण्याचं सूत्र आहे, त्याला ई-जीएफआर म्हणतात. त्या सूत्रात १.२ घातलं तर पंचवीस वर्षांच्या मुलाला ८६ मिळतात आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला ४६. कागदावर दोघंही 'नॉर्मल'! अक्काचं १.४ म्हणजे ३८-३९ होतं. बाई म्हणाल्या, सर, हे शंभरपैकी मार्क समजा. मग मला पटकन कळलं. पस्तीसला पास म्हटलं तर अक्का काठावर पास होती. आता २.१ म्हणजे चोवीसच्या आत. माझ्या नऊ गोळ्यांनी तिचे पंधरा मार्क घालवले. ग्रेस मार्क देणारं बोर्ड इथे नाही.

आता आमच्या घरातल्या वकिलांचे युक्तिवाद घेतो.

पहिला: "बरोबर पोटाची गोळी होती ना!" होती. ती पोटासाठी असते. या औषधांनी जठराला व्रण पडू शकतो, ते टाळायला ती देतात. किडनीला ती वाचवत नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. याच्याच पुढचा युक्तिवाद असा की इटोरिकॉक्सिबसारख्या नव्या गोळ्या सौम्य असतात. पोटाला सौम्य असतील, किडनीला नाहीत. आणि या सगळ्या कुळाचं इंग्रजी नाव 'नॉन-स्टेरॉइडल' ने सुरू होतं, त्यामुळे स्टेरॉइड नाही म्हणजे निर्धोक असं समजणारे सुशिक्षित लोकही मला भेटले. नावात 'नॉन' असलं की सगळं शाकाहारी!

दुसरा युक्तिवाद: "आमचे डॉक्टरही हीच देतात, इंजेक्शनसुद्धा देतात." देत असतील. पण तुमचं क्रिएटिनिन त्यांना ठाऊक आहे का? चार मिनिटांत चाळीस पेशंट बघणाऱ्या डॉक्टरला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार कसं? आणि सांगूनही जर कोणी "काही होत नाही" म्हणून सुई टोचत असेल, तर मी नम्रपणे उठून बाहेर येईन. केडिगो नावाची किडनीविकारांवर मार्गदर्शन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या २०१२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे की ई-जीएफआर ६० च्या खाली असेल तर ही औषधं लांबवू नका, ३० च्या खाली असेल तर टाळाच, आणि टेल्मिसार्टानच्या कुळातली औषधं चालू असतील तर देऊ नका. अक्का पहिल्या आणि तिसऱ्या अटीत आधीपासून बसत होती. आता तिन्हींत बसते.

तिसरा म्हणजे आमच्या वहिनींचा. "आपलं जुनं चूर्ण बरं." चूर्णाला माझी हरकत नाही, पण कुठलं? बाजारात बिनालेबलची सांधेदुखीची 'जडीबुटी' विकतात, ज्याने तासाभरात आराम पडतो. तासाभरात आराम पडला की संशय घ्यायला हवा. अशा भुकट्यांमध्ये स्टेरॉइड नाहीतर हीच वेदनाशामकं मिसळलेली तपासणीत वेळोवेळी सापडली आहेत.

आणि चौथा, ज्याच्यात खरा दम आहे, तो खुद्द अक्काचा. "मग दुखणं सहन करायचं का रे?" नाही अक्का, अजिबात नाही. वेदना सोसण्यात काही पुण्य नाही. किडनी कमजोर असणाऱ्याला सांधेदुखीसाठी डॉक्टर सहसा पहिलं नाव घेतात ते साध्या पॅरासिटामॉलचं, तेही ठरवून दिलेल्या मापात, कारण जास्त झालं तर ते यकृताला बाधतं. साधं म्हणजे एकटं. स्ट्रिपवर बारीक अक्षरात 'डायक्लोफेनॅक', 'असेक्लोफेनॅक', 'आयब्युप्रोफेन', 'नॅप्रोक्सेन', 'निमेसुलाइड', 'मेफेनॅमिक' यांतलं दुसरं नाव चिकटलेलं नको. (मी आता भिंग घेऊन हिंडतो. सौ. म्हणते, शेरलॉक होम्स झालात.) पाण्यात विरघळून फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरंच असतं, बीपीवाल्यांनी त्याही विचारून घ्याव्यात. शेक, गुडघ्याचे व्यायाम, काठी, यांना आपण 'औषध' मानत नाही, पण अक्काला सध्या याचाच आधार आहे. चोळायचं मलम थोडं रक्तात जातं, गोळीपेक्षा पुष्कळ कमी. तिला ते बाईंनी मोजून दिलंय.

एक सावधगिरीची गोष्ट. हे वाचून कोणी हृदयासाठी दिलेली छोटी ॲस्पिरिन किंवा बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती दिलेली आहे, ही घेतलेली आहे, एवढा फरक आहे. उलट्या-जुलाब सुरू झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून बीपीची गोळी चालू ठेवायची का ते विचारा. आम्ही तेवढा फोन केला असता तर!

आता शीर्षकातल्या गिधाडांकडे येतो. ही गोष्ट मला दवाखान्यातच सापडली आणि माझं डोकं फिरलं.

नव्वदच्या दशकात आपल्या देशातली गिधाडं मरायला लागली. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर पन्नास-पन्नास गिधाडं उतरताना मी पाहिली आहेत, तुमच्यातल्या जुन्या माणसांनीही पाहिली असतील. काही जातींची संख्या दहा-पंधरा वर्षांत शेकडा पंच्याण्णवहून अधिक घटली. २००४ साली 'नेचर' मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांचा अभ्यास छापला आणि गुन्हेगार सापडला: डायक्लोफेनॅक. दुखणाईत गुराला ते टोचत, गुरू मेलं की गिधाड ते खाई, आणि त्याच्या किडन्या बंद पडून ते मरे. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरतात असं दिसल्यावर २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही फक्त एका मात्रेच्या छोट्या पॅकमध्ये विकायची सक्ती झाली. २०२३ मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकही बंद.

उत्तम झालं. गिधाडं वाचली पाहिजेत. आणि मला ठाऊक आहे की गिधाडाचं शरीर आणि माणसाचं शरीर वेगळं. गिधाडाला जे लवलेशाने मारतं ते माणूस पचवतो. माणसांसाठीही सरसकट बंदी घाला असं मी म्हणत नाही, तरुण माणसाला पाय मुरगळल्यावर चार दिवस ती गोळी उपयोगाचीच आहे. पण एका पक्ष्याची किडनी वाचवायला ज्या देशात तीन-तीनदा अधिसूचना निघतात, त्याच देशात अधू किडनीच्या म्हातारीला तेच औषध कोणी काही न विचारता द्यावं? कायदा नाही म्हणून नव्हे हो. कायदा आहे! डायक्लोफेनॅक हे १९४५ च्या औषध नियमांतल्या 'एच' अनुसूचीत आहे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. स्ट्रिपवर तसं छापलेलं असतं. मी भिंगातून वाचलं. माझ्या विद्यार्थ्याने दुकान काढताना वाचलं असणार.

त्याच्याकडे गेलो होतो. ओरडायला गेलो होतो, खरं सांगायचं तर. त्याने ऐकून घेतलं, खाली मान घालून. मग म्हणाला, "सर, चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. दिवसात पन्नास लोक हीच गोळी मागतात. हमाल आहेत, बांधकामावरच्या बायका आहेत. डॉक्टरला दोनशे-तीनशे देऊन बारा रुपयांची गोळी कोण घेणार?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. दरवर्षी आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. उन्हात कोयता चालवायचा, पाणी कमी, आणि अंग दुखलं की गोळी. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वाकडे, ऊसतोड कामगारांत किडनीचा आजार मोठ्या प्रमाणात दिसतो. तिथले संशोधक उन्हाला आणि पाणी आटण्याला मुख्य कारण मानतात, आणि या गोळ्यांकडेही संशयाने बघतात. आपल्याकडच्या कोयत्याच्या किडन्या कोण तपासतं? पण चिठ्ठी न मागण्याचं कारण मला पटलं तरी न विचारण्याचं पटत नाही. "बीपी, शुगर, किडनी काही आहे का?" हे सहा शब्द उच्चारायला काय पैसे पडतात? तेवढं मी त्याला म्हणालो. "विचारीन सर," म्हणाला. गेल्या आठवड्यात दुकानात गेलो तेव्हा माझ्यादेखत त्याने एका आजोबांना चार गोळ्या कातरून दिल्या. मी तिथे आहे हे लक्षात आल्यावर मग विचारलं.

इतिहास शिकवायचो म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो, म्हणजे "पूर्वी असं काही नव्हतं" म्हणणाऱ्यांनाही उत्तर मिळेल. माझ्या पिढीला 'एपीसी' ची गोळी आठवत असेल. ॲस्पिरिन, फेनॅसेटिन, कॅफीन. ऑस्ट्रेलियात याच मिश्रणाच्या पुड्या मिळत. 'बेक्स' ही त्यातली फार प्रसिद्ध. गृहिणी, गिरणीतल्या बायका चहाबरोबर दिवसाला दोन-चार पुड्या घेत, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. स्वीडनमध्ये हुस्कवर्ना गावच्या कारखान्यातल्या कामगारांना १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतर अशाच एका पुडीची सवय लागली. मग हळूहळू किडन्या निकामी व्हायला लागल्या. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी बोट दाखवलं. मेलबर्नच्या डॉक्टर प्रिसिला किंकेड-स्मिथ यांनी पुड्या आणि किडनी यांचा संबंध मांडला आणि सरकारच्या पाठी लागल्या. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात अशा मिश्र पुड्यांची खुली विक्री बंद झाली, आणि पुढच्या वर्षांत या कारणाने डायलिसिसवर जाणाऱ्यांची संख्या घटत गेली. १९८३ मध्ये अमेरिकेतूनही फेनॅसेटिन गेलं. बिघाडाची तऱ्हा आजच्या गोळ्यांहून वेगळी होती, तिथे वर्षानुवर्षांच्या सेवनाने किडनी आतून झिजे. पण त्या बायकांचं बोलणं हुबेहूब आमच्या मेहुण्यांसारखंच असणार.

आणि बंदी म्हणाल तर आपल्याकडेही येते, पण कशी बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी आणली, त्यात असेक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम ही गोळी होती. माप बदललेल्या बाकीच्या गोळ्या मात्र दुकानात आहेतच. असो.

आमच्या घरात मी आता एक जुलूम सुरू केलाय. प्रत्येकाच्या रिपोर्टच्या फाईलवर वरच क्रिएटिनिन आणि ई-जीएफआर लाल शाईने लिहायचं, उत्तरपत्रिकेवर मार्क लिहितात तसं. नव्या पिढीतल्या दोघांनी नाकं मुरडली. मेहुण्यांनी मात्र मुकाट्याने तपासणी करून घेतली. आकडा इथे लिहिणार नाही, त्यांनी मनाई केली आहे. पण त्यांच्या घरातला गोळ्यांचा डबा त्यांनी स्वतःच माझ्याकडे आणून दिला.

अक्का बरी आहे. मीठ कमी, डाळ मोजून, सकाळी अंगणात काठीने चार फेऱ्या. परवा तिच्याजवळ बसलो होतो, विषय निघाला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तीच म्हणाली, "तू आणलीस म्हणून नाही रे घेतली. मला नाचायचं होतं वरातीत." आणि हसली. ती खरंच नाचली होती, दोन मिनिटं. कोणीतरी मोबाईलवर काढलंय.

येत्या चौदा तारखेला पुन्हा रक्त द्यायचंय. आकडा आला की इथे खाली लिहीन.